तीन फुटांवरचा रस्ता

चष्म्याच्या दुकानात पुढच्या बाजूला सगळी ऐट असते. आरसे, फ्रेमा, दिव्यांचा लखलखाट आणि मालकाचं गोड बोलणं. नंबरकाका मागच्या खोलीत. तिथे काच घासायचं मशीन, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार आणि खिडकीतून दिसणारी शेजारच्या इमारतीची भिंत. चाळीस वर्षं काकांनी तिथे काचा घासल्या. गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना क्वचितच दिसायचा. पण कुणाचाही जुना चष्मा हातात आला की नुसता उजेडाकडे धरून नंबर सांगायचे, आणि पाव नंबराचीही चूक नाही. म्हणून नंबरकाका. खरं नाव काय होतं, ते मालकालाही आठवून सांगावं लागायचं.

स्वभावानं म्हणाल तर लाजाळू. इतके लाजाळू, की समोरून ओळखीचा माणूस आला तर हे आधी बुटांकडे बघणार. आणि बायको मिळाली ती अगदी दुसऱ्या टोकाची! काकू टपाल वाटायच्या. तीस वर्षं पायी, खांद्याला पिशवी लावून. आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या तोंडाशी "टपाल!" म्हणाल्या की शेवटच्या घरातला माणूस चप्पल शोधायला लागायचा. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची मुलगी रुसून बसलीय, कुठल्या दाराची कडी लागत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. घरी आल्या की बोलायच्या त्या, ऐकायचे काका. दोघांचं छान चाललं होतं.

काकूंचं डोळ्यांचं दुखणं निवृत्तीच्या आसपास सुरू झालं, आणि ते कडेकडून आत आलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: कडेची नजर जाते, मधली राहते, नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. ही नळी बरीच वर्षं टिकेल, पण गेलेलं परत येणार नाही. आता गंमत बघा. काकू सुईत दोरा ओवायच्या, वर्तमानपत्रातल्या मुंगीएवढ्या जाहिराती वाचायच्या आणि पायाशी ठेवलेली बादली मात्र लाथाडायच्या. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला बादली दिसत नाही, हे कोण खरं मानणार? लोक म्हणायला लागले, निवृत्त झाल्यापासून बाईंना शिंगं फुटलीत, शेजारून हात केला तरी ओळख देत नाहीत. आणि काकूही हट्टी. कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, पांढरी काठी वापरा, तर म्हणाल्या, "काठी घेऊन फिरले की सगळ्या रस्त्याला कळेल. नको."

मग एक दिवस भर रस्त्यात त्यांच्या गुडघ्याचा धक्का लागून एक लहान पोर पडलं. ओठ फुटला, रक्त आलं. पोराची आई धावत आली आणि ओरडली, "डोळे फुटले का तुमचे?"

तिला बिचारीला काय ठाऊक! पण काकू घरी आल्या त्या बाहेर पडल्याच नाहीत. एक महिना, दोन महिने, सात महिने. दार थेट रस्त्यावर उघडणारं, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, उंबऱ्यापलीकडे त्यांचाच जन्माचा रस्ता, आणि बाई आतल्या खुर्चीत. काका संध्याकाळी दुकानातून यायचे तेव्हा त्या खुर्चीत तशाच असायच्या. बोलणंही आटलं. दिवसभर घरात बसलेल्या माणसाकडे सांगायला असणार काय? काकांना रात्री झोप लागेना. अख्ख्या गावाच्या नजरा नीट करून दिल्या, आणि स्वतःच्या घरात असं दुखणं, की त्याला नंबरच नाही. ह्या बाईनं उरलेलं आयुष्य खुर्चीत काढलं तर आपण कशाला आहोत, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

अशात लांबच्या शहरातून मुलीचं चित्रकार्ड आलं. एक मोठा चौक, कारंजं, बाकं, माणसं. काकूंनी ते हात लांब करून धरलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज जरा वर गेला. "अहो, हे सगळं एकदम दिसतंय मला! कारंजंपण आणि ह्या टोकाचा कुत्रापण!"

काका पडले काचवाले. त्यांच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. खऱ्या चौकात उभं राहून हिला एकच बाक दिसेल, पण चौक तळहाताएवढा केला की पूर्ण चौक तिच्या नळीत बसतो. म्हणजे रस्ताच तळहाताएवढा करून घरी आणला तर?

सुट्टीच्या दिवशी ते जुन्या बाजारात गेले. तिथे एक बाई खाटेवर जुने कॅमेरे मांडून बसायची. काकांनी बुटांकडे बघत विचारलं, "जवळून पुष्कळ दिसेल असं काही आहे का?"

"वाइड लेन्स म्हणा की," कॅमेरेवाली म्हणाली. "ती कोण घेतंय काका! सगळ्यांना लांबचं पाहिजे. इथे बसून झाडावरच्या पक्ष्याचं पीस मोजायचंय लोकांना. ही घ्या अठ्ठावीस एमएमची, तुमच्या-माझ्या तरुणपणातली. आत बुरशी आहे, म्हणून फुकटातच समजा." आणि लेन्सबरोबर तिनं एक डिजिटल कॅमेराही गळ्यात मारला. त्याचा मागचा पडदा मेलेला, काळा ठिक्कर. काढलेला फोटो कसा आलाय ते छापून येईपर्यंत कळायचं नाही.

बुरशी म्हणजे काकांच्या हातचा मळ. दुकानातल्या चष्म्याच्या बारीक पेचकसानं त्यांनी लेन्स खोलली, एकेक काच पुसली आणि परत अशी बसवली, की तिला बनवणाऱ्यानंही ओळखू नये. पण पहिले फोटो आले ते रडू यावं असे. रस्ता भला मोठा आणि त्यात माणसं जिऱ्याएवढी. काका ते घेऊन कॅमेरेवालीकडे गेले.

ती हसून हसून लाल झाली. "काका, तुम्ही पलीकडच्या फुटपाथवरून लपून काढलेत ना? वाइड लेन्स हे लाजाळू माणसाचं काम नाही. पुढे जा. वाटलं की आता फारच जवळ आलो, आता हा माणूस आपल्याला मारणार, तेव्हा बटण दाबायचं. आणि दर वेळी डोळ्याला लावून बसू नका. लेन्सवरचं अंतराचं कडं तीनवर ठेवा, म्हणजे तीन मीटर. ते हलू नये म्हणून पट्टी चिकटवून टाका. कॅमेरा पोटावर लटकवा आणि चालत राहा."

झालं! चाळीस वर्षं मागच्या खोलीत काढलेला माणूस साठीनंतर लोकांच्या अंगावर जायला लागला. न्हाव्याच्या खुर्चीशी, किल्ल्या बनवणाऱ्याच्या ठोकळ्याशी, फळवालीच्या टोपल्यांशी. सुरुवातीला कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग लोकांशी बोलावंच लागलं, कारण तीन मीटरवर येऊन मुकाट उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला लोक चोर समजतात. फळवाली तर फोटो बघून चवताळली. ती फोटोच्या कडेला आली होती, आणि ह्या लेन्सला खोड अशी, की कडेचा माणूस आडवा ताणला जातो. "ही मी? एवढी?" काकांनी दुसऱ्या दिवशी तिला मधोमध उभी करून पुन्हा फोटो काढला, तेव्हा कुठे हिशेब मिटला.

संध्याकाळी टेबलावर फोटो पसरले जायचे. काकू एकेक उचलून हात लांब करून बघायच्या आणि खुलायच्या. "न्हाव्यानं स्वतःचेच केस वाढवलेत बघा! आणि ही कोण, औषधांच्या दुकानावर? नवी दिसतेय. अहो, किल्लीवाल्यानं चष्मा बदलला, तुमच्याकडून नाही केला, लक्ष असू द्या!" घरात पुन्हा बोलणं आलं. काका मनातल्या मनात उड्या मारत होते.

आणि एका संध्याकाळी काकू सहज म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता मला बाहेर जायची गरजच नाही. तुम्ही सगळा रस्ताच घरी आणता."

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. अरे देवा, करायला गेलो काय आणि झालं काय! दार उघडावं म्हणून एवढा खटाटोप केला आणि आपण आपल्या हातानं त्याला आणखी एक कडी लावून ठेवली. फोटो बंद करावेत तर ती पुन्हा गप्प होणार. चालू ठेवावेत तर ती कधीच उठणार नाही. ते तसेच फोटो काढत राहिले, पण आता त्यात जीव लागेना.

त्यात ती लेन्स अडकली. जुन्या वस्तूचं काय सांगावं, आतलं वंगण घट्ट झालं आणि कडं फिरेना. काकांनी कॅमेरेवालीकडून दुसरी घेतली. तितकीच जुनी, तितकीच स्वस्त. नेहमीसारखी खोलली, पुसली, कडं तीनवर आणलं, पट्टी चिकटवली आणि आठवडाभर फोटो काढले. दिवस ढगाळ होते, म्हणून उजेड जास्त यावा यासाठी लेन्सच्या पोटातलं भोक पूर्ण उघडं ठेवलं. ते भोक उघडं असलं की लेन्स एकाच अंतरावर नजर धरून बसते, बाकीचं धूसर.

फोटो छापून आले आणि काका दुकानाच्या पायरीवर बसले. सगळ्यात सगळं धूसर! न्हावी म्हणजे पांढरा ठिपका, फळवाली म्हणजे रंगांचा सडा. एकाही माणसाला नाकडोळे नाहीत. त्यांनी पिशवीतून लेन्स काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि नीट बघितलं. ह्या लेन्सवर आकड्यांच्या दोन ओळी होत्या. खालची मीटरची. वरची फुटांची. काकांनी कडं तीन फुटांवर लावलं होतं.

ज्याला पाव नंबराचा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो, तो माणूस फूट आणि मीटर यांत गंडला! मालकाला कळलं असतं तर वर्षभर हसायला पुरलं असतं. काका पाकीट सदऱ्याच्या आत घालून घरी आले.

"दाखवा," काकू म्हणाल्या.

"आज नाही आले छापून."

"तोंडावर लिहिलंय तुमच्या. दाखवा."

काकांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली. बाहेरून हसण्याचा आवाज येईना, बोलण्याचाही येईना. शेवटी धीर करून ते आले. काकूंनी एक फोटो हातात धरला होता आणि दुसऱ्या हाताचा तळवा स्वतःच्या कमरेवर ठेवला होता.

"हा दांडा कशाचा हो?"

काकांनी वाकून बघितलं. मागचा रस्ता धुक्यात गेल्यासारखा, पण पुढे, अगदी पुढे, एका हातगाडीचा दांडा असा लख्ख आला होता, की त्याच्यावरचे खिळे मोजून घ्यावेत. "रद्दीवाल्याची गाडी. डाव्या हाताला लावतो तो, कोपऱ्याच्या अलीकडे."

"दांडा रस्त्यावर करून?"

"नेहमीच."

"मला इथे निळा डाग पडला होता तो ह्याचा." काकूंचा आवाज बारीक झाला. त्यांनी दुसरा फोटो उचलला. आपल्याच दारासमोरची पायरी, कोपरा तुटलेला. तिसऱ्यात लोखंडी खुंटा, गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून रोवलेला. "हा कधी आला?"

"वर्ष झालं."

"ह्याच्यावर माझी नडगी फुटायची, आणि मला वाटायचं मीच वेंधळी झाले. चालायचंच विसरले. तीस वर्षं चालून!" त्या एकदम रडायला लागल्या. काकांना वाटलं, संपलं, आणखी एक घोळ घातला आपण. पण काकू रडता रडता फोटो चाळतच होत्या. "अहो, तुम्ही आणता ते सगळं लांबचं. लांबचं मला दिसतंच की! लांबच्यानं मी पडत नाही. मला पाडतं ते हे. हाताच्या अंतरावरचं, पायाशी असलेलं. हेच कुणी कधी मला दाखवलं नाही. हीच चूक पुन्हा करा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि कॅमेरा खाली धरा, गुडघ्याशी."

मग काय! पुढचा महिनाभर नंबरकाका कमरेत वाकून खुंट्यांचे, पायऱ्यांचे, गटाराच्या झाकणांचे फोटो काढत फिरले. फळवाली म्हणाली, "काका, माणसं संपली का गावातली?" न्हाव्यानं विचारलं, महापालिकेत नोकरी लागली काय. काका हसायचे आणि आणखी वाकायचे. कंबर धरली, पण थांबले नाहीत.

फोटो घरी आले की काकू ते टेबलावर लावायच्या, आणि ते लावणं बघण्यासारखं होतं. टपाल वाटायला निघण्याआधी चालण्याच्या क्रमानं लावून घेतात ना, पहिलं दार वर, शेवटचं दार तळाशी, तसं. डावीकडचा गठ्ठा जाताना, उजवीकडचा गठ्ठा येताना. बोटं झरझर चालायची. एखादा फोटो चुकीच्या जागी दिसला की "हे पुढच्या घराचं" म्हणून टिचकीसरशी बाजूला. काका थक्क होऊन बघत बसायचे. सात महिने खुर्चीत बसलेली बाई ती हीच का, असं त्यांना वाटायचं. गठ्ठा हातात घेऊन काकू खोलीतल्या खोलीत चालायच्या. "दोन पायऱ्या, दुसरी तुटकी. नऊ पावलांवर खुंटा. भिंतीकडे सरकायचं. मग वीजपेटी, तिचं दार उघडं असतं, मेल्यांना बंद करता येत नाही. मग गाडीचा दांडा."

पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या काकांचा दंड धरून, सकाळी, रस्ता रिकामा असताना. दुसऱ्या आठवड्यात दंड सोडला. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "तुम्ही मागे राहा. तुमचा श्वास ऐकू येतो मला, मोजणं चुकतं." आणि एका सुट्टीच्या सकाळी वेणी घालून, चपला चढवून दारात उभ्या राहिल्या. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. तुम्ही इथेच थांबायचं. एक पाऊल पुढे टाकलंत तर बघा."

काका उंबऱ्यात उभे राहिले. कॅमेरा आत राहिला होता, तो आणायचंही सुचलं नाही. काकू दोन पायऱ्या उतरल्या. दुसरीवर पाय जपून. खुंटा आला, भिंतीकडे सरकल्या. वीजपेटीशी खांदा वळवला. काका ओठातल्या ओठात पावलं मोजत होते. दांडाही चुकवला. पण दांड्याच्या पुढे, ऐन वाटेत, शिडी उभी होती. रंगारी वर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. ती शिडी काल नव्हती. परवाही नव्हती. कुठल्याही फोटोत नव्हती.

"अगं..." त्यांच्या तोंडून निघालं, पण पुढची हाक त्यांनी आवरली. शिडी हलली तर वरचा माणूस पडेल. पुन्हा कुणी ओरडेल. पुन्हा ते दार, ती खुर्ची. काका पायरी उतरणार होते, उतरलेच असते, एवढ्यात काकूंचा हात शिडीला लागला. त्या थांबल्या. हात वर नेला, खाली नेला. आणि मग तो आवाज आला, पूर्वीचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"अरे बाबा, मला कडेचं दिसत नाही! नुसतं समोरचं दिसतं! वाट कुठून आहे ते सांग बघू!"

फळवालीनं मान वर केली. न्हाव्याची कात्री थांबली. सगळ्या रस्त्यानं ऐकलं. रंगारी घाईघाईनं खाली उतरला, हातातला ब्रश डब्यात टाकला. "थांबा मावशी, शिडीच काढतो. माझीच चूक, मधे लावली." त्यानं शिडी भिंतीला घेतली. "सरळ या. आता काही नाही वाटेत." काकू सरळ गेल्या. कोपऱ्यावर पोचल्या. आता वळतील म्हणून काका वाट बघत राहिले, तर त्या वळल्या खऱ्या, पण परत नाही. पलीकडच्या रस्त्याला वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. काका चार वेळा पायरी उतरले आणि चार वेळा परत चढले. शब्द दिला होता ना! अर्ध्या तासानं काकू कोपऱ्यावर दिसल्या. येताना फळवालीशी दोन मिनिटं थांबल्या, रंगाऱ्याला काहीतरी सांगून त्याला हसवलं आणि निवांत चालत दारापर्यंत आल्या. तोंड उन्हानं लाल झालेलं.

"होतीस कुठे? कोपऱ्यापर्यंत म्हणालीस ना?"

"गेले जरा पुढे. पलीकडची गल्ली, मग त्याच्या मागची. बेकरीवाल्यांची म्हातारी भेटली, सोडेचना."

"पण तिथले फोटो तर मी काढलेलेच नाहीत," काका म्हणाले. "मग गेलीस कशी?"

"विचारत विचारत. तोंड आहे ना मला."

काकांनी आत बघितलं. महिनाभर वाकून काढलेले ते गठ्ठे टेबलावर पडले होते, आणि त्यांच्याशिवाय ती दोन गल्ल्या जाऊन आली होती. आनंद इतका झाला, की तो कुठे ठेवावा कळेना, आणि आतून थोडं दुखलंही. उगाच कशाला खोटं सांगा, दुखलंच. ते भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागले.

काकूंनी त्यांना खांद्याला धरून आपल्यासमोर वळवलं. "अहो, मला कडेचं दिसत नाही. समोरचं चांगलं दिसतं. रडताय तुम्ही."

"रडू दे," काका म्हणाले. "सात महिने थांबलोय."